तोंडातली न भरणारी जखम

आज आपण एका कठीण रोगाविषयी वाचू. त्याचे नाव कर्करोग, म्हणजे कॅन्सर. कॅन्सर पुष्कळ जागी होतो. आपण गाल, जीभ, हिरड्या आणि घसा यांच्या कॅन्सरबद्दल बोलणार आहोत. आपल्या देशात पुरुषांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये तोंडाच्या कॅन्सरचा वाटा फार मोठा आहे. त्याचे कारण लांब शोधायला नको. ते आपल्या खिशातच असते. तंबाखू-चुना, गुटखा, सुपारी, बिडी. बायका मिश्री लावतात, तीही तंबाखूचीच. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पुडी मिळायची मात्र थांबली नाही, हे तुम्हीआम्ही सगळे जाणतो.

देवगाव रंगारीचा एक शेतकरी डोळ्यांपुढे आणा. नाव कोणतेही घ्या. डाव्या गालात तंबाखूची चिमूट धरायची त्याला वीस वर्षांची सवय. त्याच गालात आत एक जखम झाली. ती दुखत नाही, पण भरतही नाही. बायको म्हणते, "अहो, महिना झाला. तोंड दाखवा ना डॉक्टरला."

"उष्णता झाली असंल. आता कापूस येचायचा का दवाखान्यात बसायचं?"

कापूस वेचून होतो. मका निघतो. मग लग्नसराई येते. तिखट लागले की तोंडाची आग होते, म्हणून तो भाकरी दुधात कुस्करून खातो. एक दिवस दाढी करताना जबड्याखाली हाताला गाठ लागते. मग तो एस.टी.त बसतो.

या चार-सहा महिन्यांची किंमत किती? ती डॉक्टरांनी मोजून पाहिली आहे. कशी मोजली ते समजून घेऊ.

मुंबईला परळ भागात टाटा रुग्णालय आहे. ते १९४१ साली सुरू झाले. कॅन्सरवरचे हे आपल्या देशातले नावाजलेले रुग्णालय. तिथल्या डॉक्टरांपुढे एक जुना प्रश्न होता. तोंडातला रोग लहान आहे, मानेत गाठ लागत नाही, अशा रोग्याचे काय करावे? तोंडातला रोग तर कापून काढायचाच. पण त्याच वेळी मानेतल्या बारीक गाठीही काढाव्यात का? काही डॉक्टर म्हणत, काढा. गवताचे बी जसे बांध ओलांडून शेजारच्या वावरात पडते, तसा हा रोग तोंडातून मानेत उतरतो आणि सुरुवातीला हाताला लागत नाही. दुसरे म्हणत, उगाच जास्त कापू नका. लक्ष ठेवा, गाठ आली तर तेव्हा काढा. जगभर असा वाद वर्षानुवर्षे चालला होता.

आपण नवे बियाणे कसे पारखतो? एकाच वावराचे दोन भाग करतो. एकात जुने बी, दुसऱ्यात नवे. जमीन तीच, पाऊस तोच. मग उतारा मोजतो. टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सोबत्यांनी २००४ सालापासून असेच केले. रोग्यांची संमती घेतली. कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरांनी ठरवले नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते ठरले. एका गटाच्या मानेतल्या गाठी लगेच काढल्या. दुसऱ्या गटावर लक्ष ठेवले, गाठ दिसली तेव्हाच काढली. पाचशे रोग्यांचा हिशेब २०१५ साली छापून आला. मानेतल्या गाठी आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी शंभरातले ८० जिवंत होते. वाट पाहिलेल्यांत शंभरातले ६७ ते ६८. म्हणजे शंभरामागे बारा-तेरा माणसे जास्त वाचली. हे उत्तर जगभरच्या डॉक्टरांच्या कामाला आले.

पण या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. ही सगळी माणसे रोग लहान असताना आली होती. म्हणून तर शंभरातले ८० हा आकडा दिसला. आपला शेतकरी मानेत गाठ घेऊन गेला. त्याच्यासाठी उपचार आहेत, पण हा हिशेब त्याचा नाही. त्याचा हिशेब याहून वाईट असतो.

मग लवकर ओळखायचे कसे? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली एक काम सुरू झाले. शिकवून तयार केलेले आरोग्यसेवक घरोघर गेले आणि लोकांची तोंडे उजेडात पाहिली. एवढेच. वर्षे गेल्यावर मोजले, तेव्हा तंबाखू खाणारे, ओढणारे किंवा दारू पिणारे यांच्यात तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झालेले दिसले. आपल्याकडेही तीस वर्षांवरच्या माणसांचे तोंड तपासणे हे सरकारी आरोग्य केंद्राच्या कामातच धरलेले आहे. आशाताईला विचारा. घरीही आरशात पाहता येते. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेतली गाठ, बसलेला आवाज, किंवा तोंडात उभी तीन बोटे जाईनाशी होणे, यांतले काहीही दिसले तर दवाखाना गाठावा. तिथे जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासतात. तुकडा काढला की रोग पसरतो, असे पारावर सांगतात. ते खरे नाही.

आता रोग्यावर पडणारे ओझे पाहू. जगला, एवढे म्हणून भागत नाही. कसा जगला, हेही डॉक्टर आता रोग्याला विचारून लिहून ठेवतात. घास गिळता येतो का? बोललेले लोकांना कळते का? मानेच्या ऑपरेशननंतर खांदा आखडतो, हात वर जात नाही. शेतकऱ्याला हे लहान दुखणे नाही. किरणांचा उपचार असतो, त्याला आपल्याकडे 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. त्याने तोंड सोलते, लाळ आटते, चव जाते. कोणाला काही दिवस नाकातल्या नळीने पातळ अन्न घ्यावे लागते. शेक सुरू होण्याआधी दात तपासून घ्यावेत आणि पुढे तोंड उघडण्याचा, खांद्याचा व्यायाम रोज करावा. हे कंटाळवाणे काम आहे, पण पुढचे खाणेबोलणे त्यावरच अवलंबून असते. चेहऱ्यावर वण राहतो, म्हणून माणूस लग्नकार्याला जायचे टाळतो. हा रोग शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने लागत नाही. त्याला पंगतीत बोलावा.

पैशाचे ओझे वेगळेच. शेक आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे चालतो. एक माणूस आजारी आणि दुसरा त्याच्यासोबत, म्हणजे घरातली दोन माणसांची मजुरी बुडते. देवगावच्या माणसाने एवढ्यासाठी थेट मुंबई गाठायला नको. छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ सरकारी कॅन्सर रुग्णालय २०१२ सालापासून आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत या रोगाचे ऑपरेशन, शेक आणि औषधे बसतात. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्यावे. उपचारासाठी जाताना रेल्वेत सवलत मिळते, तिचा दाखला रुग्णालयाकडून मागून घ्यावा. मुंबईस जावेच लागले, तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे बाहेरगावचे कॅन्सरचे रोगी आणि त्यांची माणसे उतरतात.

औषध महाग म्हणून रोगी ते घेत नाही, याचाही शोध टाटाच्या डॉक्टरांनी घेतला. निवोलुमॅब नावाचे एक औषध आहे. रोग फार पसरला, ऑपरेशनने बरा होण्यासारखा राहिला नाही, अशांना ते देतात. त्याची पूर्ण मात्रा घेणे आपल्याकडच्या बहुतेक घरांना परवडत नाही. डॉक्टरांनी नेहमीच्या दहाव्या भागाहूनही कमी मात्रा, बाकीच्या स्वस्त गोळ्यांसोबत, देऊन पाहिली. १५१ रोग्यांचा हा अभ्यास २०२२ साली छापला. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत एका वर्षाने शंभरातले १६ जिवंत होते. थोडे औषध जोडलेल्यांत ४३. रोग बरा झाला असे नव्हे. पण ज्याला दिवाळीपर्यंतची खात्री नव्हती, त्याला वर्ष मिळाले.

असे अभ्यास आपल्यासारख्याच माणसांच्या भरवशावर होतात. रुग्णालयात कोणी तुमच्यापुढे संमतीचा कागद ठेवला, तर अंगठा पुढे करू नका. आता तुम्हाला वाचता येते. कागद मराठीत मागा. काय करणार, त्रास कोणता होईल, खर्च कोणाचा, हे त्यात लिहिलेले असते. न समजलेली ओळ बोटाने दाखवून विचारा. मनात नसेल तर नाही म्हणता येते, आणि नाही म्हटले म्हणून नेहमीचा उपचार थांबत नाही. पटले तर स्वतःच्या हाताने सही करा, तारीख घाला आणि एक प्रत पिशवीत ठेवा. तुकड्याच्या तपासणीचा कागदही त्याच पिशवीत असू द्या. प्रत्येक खेपेला तो आधी मागतात.