शाळेच्या स्वयंपाकघरातील मदतनीस

भोपाळच्या पूर्वेस पिपलानी ही भेलच्या कारखान्याच्या वसाहतीतील वस्ती. मोठ्या कारखान्यात कामगारांसाठी उपाहारगृह असावे, ही तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमातच होती. त्यांच्या मुलांच्या शाळेत जेवण पोहोचण्यास मात्र बराच काळ जावा लागला. प्राथमिक शाळांसाठी केंद्राची पोषण योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तरी अनेक राज्ये कोरडे धान्यच वाटीत. शिजविलेले अन्न द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला आणि गावोगावच्या शाळांत चूल पेटली. ती सांभाळणाऱ्या स्त्रीस मध्य प्रदेशात रसोइया, तर महाराष्ट्रात स्वयंपाकी वा मदतनीस म्हणतात.

तिचे काम हजेरीपासून सुरू होते. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण योजनेत ठरविण्यात आले. म्हणजे ७० मुले हजर असल्यास ७ किलो तांदूळ, १ किलो ४०० ग्रॅम डाळ, साडेतीन किलो भाजी व ३५० ग्रॅम तेल. ही वजने कच्च्या शिध्याची आहेत. भात शिजून दुपटीहून अधिक भरतो. तेव्हा ताटाकडे पाहून शिधा पुरेसा होता असे समजणे चूक होय. धान्य निवडणे, धुणे, शिजविणे, वाढणे, भांडी घासणे एवढी कामे २६ ते १०० मुलांच्या शाळेत दोघींनी उरकावयाची असतात.

या कामातील खरी जोखीम साठ्यात आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन येथे शाळेतील जेवणातून कीटकनाशकाची बाधा होऊन २३ मुले दगावली. तेलाबद्दल स्वयंपाकी स्त्रीस शंका आली होती, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. कीटकनाशकाचा रिकामा डबाही स्वयंपाकघरात येता कामा नये, हे तर उघडच आहे. पण वास वेगळा आला, धान्यास बुरशी दिसली, तर चूल न पेटविण्याचा अधिकार मदतनिसास असला पाहिजे आणि मुख्याध्यापकांनी तो मानला पाहिजे. जेवण वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेण्याचा नियम आहे. परंतु चव घेण्याआधी कित्येक तास तो माल तिच्या हातांखालून गेलेला असतो.

तिचा शब्द दुबळा का ठरतो, याचे कारण तिच्या स्थानात आहे. तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. १ डिसेंबर २००९ पासून ते दरमहा १,००० रुपये, वर्षातील १० महिने, असे ठरले; काही राज्ये त्यात स्वतःची भर घालतात. या नेमणुकांत अनुसूचित जाती-जमातींस प्राधान्य द्यावे, असा न्यायालयाचा २० एप्रिल २००४ चा आदेश आहे. तरीही काही गावांत तिच्या हातचे जेवू नये म्हणून मुलांना घरी बोलावून घेतल्याच्या घटना घडल्या. अशा वेळी शिक्षकांनी मुलांच्या पंक्तीत बसून तेच अन्न घ्यावे.