जिह्वावेधानंतरचे पश्चात्कर्म : वैद्य व औषधविक्रेत्यांचे कर्तव्य

कर्णवेध हा आपल्या नित्य परिचयाचा विषय आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात त्याचा विधी सविस्तर आला आहे. जिह्वावेध, म्हणजे जीभ टोचून तीत धातूची सळई बसविणे, ही मात्र अलीकडची हौस होय. शिक्षणासाठी नागपूर-पुण्यास गेलेला तरुण तेथे जीभ टोचून घेऊन आर्णीसारख्या गावी परततो आणि सूज वाढली की प्रथम जवळच्या वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानी येतो. अशा वेळी कर्णवेधाचे नियम जिभेस जसेच्या तसे लावू नयेत, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

कान आणि जीभ यांतील भेद

कर्णवेधात छिद्रात पिचुवर्ती घालून आमतैलाचे परिषेचन सांगितले आहे. दर तिसऱ्या दिवशी वर्ती अधिक स्थूल करावयाची असते. उपद्रव झाल्यास वर्ती काढून मधुक, एरंडमूळ, मंजिष्ठा, यव व तीळ यांचा कल्क मधुघृतासह लावावा, असा आदेश आहे. जिभेचे तसे नाही. येथे व्रण अहोरात्र लाळेने ओला राहतो, त्यावर लेप टिकत नाही. जिभेच्या अधोभागी असलेल्या सिरांपैकी सोळा सिरांवर शस्त्रकर्म वर्ज्य मानले आहे. तसेच येथील शोथ थेट श्वासमार्गास बाधा आणू शकतो.

स्वाभाविक क्रम

पहिले ३ ते ५ दिवस सूज, किंचित रक्त, बोलण्यात जडपणा व सळईभोवती पांढरट-पिवळसर स्राव ही लक्षणे स्वाभाविक होत. व्रण भरण्यास सुमारे ६ ते ८ आठवडे लागतात. सुजेस जागा राहावी म्हणून पहिली सळई मुद्दाम लांब असते. सूज उतरल्यावर ती टोचणाऱ्या जाणकाराकडून आखूड करून घ्यावी, अन्यथा दातांचे टवके उडतात व हिरड्या खाली सरकतात.

रुग्णास द्यावयाच्या सूचना

१) हात धुतल्याशिवाय सळईस स्पर्श करू नये, ती फिरवू नये, दाताने चावू नये.
२) १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून, प्रत्येक जेवणानंतर व झोपताना अर्धा मिनिट चूळ धरावी. अधिक मीठ व्रणास दाह करते.
३) पेज, मऊ भात, मुगाचे वरण, गार दूध असा आहार घ्यावा. बर्फाचे लहान तुकडे चघळावेत. ठेचा, झणझणीत रस्सा, कढत चहा व मद्य वर्ज्य करावे.
४) नवा मऊ ब्रश वापरावा. मशेरी व दंतमंजन बोटाने घासू नये.
५) व्रण भरेपर्यंत चुंबन व मुखाद्वारे होणारा लैंगिक संपर्क टाळावा.

खर्ऱ्याचा प्रश्न

राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तथापि विदर्भात खर्रा चघळण्याची सवय सुटलेली नाही. सुपारी, तंबाखू व चुना यांनी ताजा व्रण चिघळतो. शिवाय दीर्घकाळ सुपारी चघळणाऱ्याचे तोंड पुरते उघडत नाही. अशा रुग्णाच्या जिभेस मोठी सूज आल्यास तपासणीही अवघड आणि श्वासनलिकेत नळी घालणेही अवघड. म्हणून तोंड किती उघडते, हे पहिल्याच भेटीत पाहावे.

आपली औषधे

प्रतिसारण सर्वथा वर्ज्य समजावे. हळद, तुरटी, लवंगतेल, क्षार यांपैकी काहीही छिद्रात भरू नये. दुकानदारांनी हायड्रोजन पेरॉक्साइड व मद्यार्कयुक्त माउथवॉश देऊ नये. तीव्र सूज ओसरल्यावर, मिठाच्या पाण्यास पूरक म्हणून, यष्टिमधु किंवा त्रिफळा यांचा ताजा, वस्त्रगाळ व गार केलेला क्वाथ रोपण गंडूषासाठी योजता येईल. त्यावरच विसंबू नये.

विलंब न करता रुग्णालयात

जिभेखाली वा हनुवटीखाली कठीण सूज, लाळ गिळता न येणे, आवाज दबणे, श्वास लागणे, थंडी वाजून ज्वर, दाबूनही न थांबणारा रक्तस्राव किंवा सळईचे टोक सुजेत बुडणे, यांपैकी एक लक्षण दिसले तरी रुग्णास तातडीने रुग्णालयात पाठवावे. आर्णीहून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास लक्षात घेता, रात्रभर वाट पाहणे जिवावर बेतू शकते. येथे कर्णवेधाहून आणखी एक भेद ध्यानात ठेवावा : पू झाला असता सळई आपण काढू नये. छिद्राचे तोंड मिटून पू आत कोंडू शकतो. तो निर्णय रुग्णालयातील शल्यचिकित्सकाचा.

हृदयाच्या झडपांचा विकार, मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, गर्भावस्था व धनुर्वाताची लस यांविषयी प्रत्येकास विचारावे. टोचताना सुई निर्जंतुक होती की नाही, याची खात्री नसल्यास काविळीचा ब व क प्रकार आणि एचआयव्ही यांच्या तपासणीसाठी, तसेच प्रतिबंधक उपचारांसाठी त्याच दिवशी पाठवावे.

टोचून घेणे ही रुग्णाची हौस असेल, परंतु दाराशी आलेल्या रुग्णास उपहासाने परत धाडल्यास तो पुढच्या वेळी उशिरा येईल. त्यास बसवावे, तोंड उघडावयास सांगावे आणि जिभेखाली पाहावे.