जीएसटीची थकबाकी निघाली? वसुली सुरू होण्याआधी योग्य माणूस गाठा

व्हिडिओत जे घाईत सांगितलं, ते इथे नीट लिहून देतोय. सेव्ह करून ठेवा.

"भाऊ, नोटीस उनी, आते काय करू?" आपल्या शिरपूरकडचा दुकानदार हा प्रश्न विचारतो, तेव्हा मी आधी उलट विचारतो: नोटीस आली की ऑर्डर आली? कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि मुदतीही वेगळ्या.

पायरी १: कारणे दाखवा नोटीस (डीआरसी-०१)
इथे अजून थकबाकी ठरलेली नाही, तुमचं म्हणणं मागितलंय. विक्रीचे आकडे जुळत नाहीत किंवा इनपुट क्रेडिट जास्त घेतलंय, असं काहीतरी कारण असतं. तुमचं रिटर्न भरणारा कर सल्लागार किंवा सीए याचं उत्तर देऊ शकतो. उत्तरात तोंडी सुनावणी लेखी मागून घ्या.
चूक खरंच आपली असेल आणि फसवणुकीचा आरोप नसेल, तर कर आणि व्याज वेळेत भरलं की दंड टळतो. २०२३-२४ पर्यंतच्या वर्षांसाठी नोटिशीपासून ३० दिवस, २०२४-२५ पासून पुढे ६० दिवस. पण रिटर्नमध्ये स्वतःच दाखवलेला कर थकवला असेल, तर ही सवलत धरून बसू नका.

पायरी २: ऑर्डर (डीआरसी-०७)
आता रक्कम ठरली. भरायला साधारण ३ महिने, अपिलालाही ३ महिने. सबळ कारण असेल तर अपिलाला अजून १ महिना मिळू शकतो, त्यापुढे नाही. वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम भरून अपील केलं, की बाकीची वसुली थांबते. समजा, १,२०,००० रुपये कर वादात आहे, तर १२,००० भरायचे. जेवढा कर मान्य आहे, तेवढा मात्र पूर्ण भरावा लागतो.
फसवणुकीचा आरोप असेल किंवा कायद्याचा मुद्दा असेल, तर या टप्प्यावर कर वकील हवाच.

पायरी ३: वसुली
मुदत गेली की अधिकारी बँकेला किंवा तुमच्या गिऱ्हाइकाला डीआरसी-१३ पाठवू शकतो, म्हणजे तुमचे पैसे थेट सरकारकडे जमा करा. पैसा तर जातोच, बाजारातली पतही जाते.
देणं मान्य आहे पण हातात रोकड नाही? डीआरसी-२० भरून हप्ते मागा. जास्तीत जास्त २४ हप्ते मिळतात, व्याज चालू राहतं. थकबाकी २५,००० पेक्षा कमी असेल, किंवा रिटर्नमध्ये स्वतः दाखवलेलाच कर असेल, तर ही सोय नाही. आणि एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम मागतात.

वकिलाची फी परवडत नसेल तर?
आपल्या तालुक्यात आदिवासी बांधव आणि महिला उद्योजक बरेच आहेत, त्यांनी हे नक्की वाचा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी सेवेचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा धुळ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. हेल्पलाइन नंबर १५१००. कराचं काम जाणणारा वकील हवा, हे अर्जात स्पष्ट लिहा.

कुणालाही काम देण्याआधी चार गोष्टी
१. शेवटची तारीख कोणती, ते विचारा आणि दुकानातल्या कॅलेंडरवर लिहा.
२. फी किती आणि त्यात काय-काय येतं, ते लेखी घ्या.
३. उत्तर दाखल करण्याआधी स्वतः वाचा.
४. पोर्टलवरचा मोबाईल आणि ईमेल तुमचाच ठेवा. पोर्टलवर टाकलेली नोटीस हाही कायद्याने बजावणीचा एक मार्ग आहे. "मला मिळालीच नाही" यावर विसंबू नका.

"सेटिंग करून देतो" म्हणणाऱ्याला दुकानातूनच नमस्कार करा. त्याच्या नादात तारीख निघून जाते आणि देणं तिथेच राहतं.

आज एवढंच करा: पोर्टलवर लॉगिन करून नोटीस आणि ऑर्डरचे दोन्ही टॅब उघडा. "अतिरिक्त नोटिसा व ऑर्डर" हा टॅब बरेच जण बघतच नाहीत. काही दिसलं, तर कागद घेऊन उद्याच सल्लागाराकडे जा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!