मालमोटारीचें भाडें आणि मजुरीचा वांटा

बियाणें, खत व निंदणी-खुरपणी यांचा हिशेब आमचे बहुतेक शेतकरी बंधु ठेवितात. परंतु माल पेठेस पोंचविण्याचें भाडें मात्र ते एकाच आंकड्यानें वहींत मांडतात. त्या आंकड्याच्या पोटांत डिझेल, टायर, विमा, पथकर, कर्जाचा हप्ता आणि ड्रायव्हर-क्लीनर यांची मजुरी असते. इतर रकमा कोणास चुकत नाहींत. ताण पडला म्हणजे छाटली जाते ती मजुरीच. हें कसें घडतें, तें एका देशाच्या उदाहरणावरून पाहूं.

अमेरिकेंत १९३५ सालीं मालमोटारींचे परवाने व दर सरकारी आयोगाच्या हातीं गेले. कच्चा शेतमाल वाहणाऱ्या गाड्यांस मात्र त्यांतून सूट होती. १९३८ च्या कायद्यानें ठराविक तासांवरील कामास दीडपट मजुरी ठरविली, पण आंतरराज्य मालमोटारींचे चालक त्यांतून वगळले गेले. १९६४ सालीं जिमी होफा यांच्या पुढारीपणाखालीं टीमस्टर्स संघानें देशव्यापी करार मिळविला व संघांतील चालकांची मिळकत सुधारली. पुढें १९८० सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं नव्या कायद्यावर सही केली. परवाने सुलभ झाले, दरांची चढाओढ लागली. भाडें उतरलें, व्यापाऱ्यांस लाभ झाला; परंतु महागाई वजा जातां पुढील वर्षांत चालकाची मजुरी घटली. लांब पल्ल्याच्या पुष्कळ चालकांस मैलावर पैसे मिळतात. गोदामाच्या दारीं गेलेल्या तासांचें बहुधा कांहींच मिळत नाहीं.

आमच्या देशांत १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसास ८ व आठवड्यास ४८ तासांची सामान्य मर्यादा घातली होती. परंतु तो पांच किंवा अधिक कामगारांच्या धंद्यास लागू होता. एक-दोन गाड्यांचा मालक बहुधा त्याबाहेरच राहिला.

आतां हिशेब करूं. समजा, ड्रायव्हरास खेपेचे ३,००० रुपये ठरले. दोन दिवसांत गाडी परतली तर रोज १,५०० रुपये पडले. एक दिवस खोळंबा झाला तर १,००० च पडले. भाडेचिठ्ठींतील आंकडा तोच, मजुरी मात्र एकतृतीयांशानें उतरली. हा बुडालेला दिवस ड्रायव्हर बहुधा रात्रीची झोंप मोडून भरून काढितो.

ही गोष्ट आम्हांस उशिरा कळली. एका कांद्याच्या हंगामांत गाडी सकाळीं दारीं आली, तरी आमच्या गोणी शिवून तयार नव्हत्या. ड्रायव्हर दिवसभर बांधावर बसून राहिला व रात्रीं निघाला. पहाटे त्यास डुलकी लागून गाडी कडेच्या चारींत उतरली. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. कांद्याचें नुकसान झालें, तें आम्हीं नशिबाच्या नांवें लिहिलें. वास्तविक तें आमच्याच नांवें लिहावयास हवें होतें.

म्हणून वाचकांस आमची विनंती अशी:

१. गाडी येण्यापूर्वींच माल भरून, वजन करून, रस्त्यालगत ठेवावा.

२. खोळंब्याचा दर आधींच ठरवून चिठ्ठींत लिहावा, व तो ड्रायव्हराच्याच हातीं पडेल असें पाहावें.

३. फारच उतरत्या भाड्याची गाडी मिळाली, तर ड्रायव्हर किती तासांचा जागा आहे हें आधीं विचारावें.

भाड्यांतून वांचलेला रुपया कोणाच्या झोंपेंतून आला, हेंही हिशेबाच्या वहींत पाहण्याजोगें आहे.