बादलीतला रंग आणि भट्टीतला रंग

प्रश्न : मी सिरॅमिक्स शिकते. येत्या आठवड्यात आमचे प्रदर्शन आहे. बादलीत जांभळट दिसणारे कोबाल्ट कार्बोनेटचे ग्लेझ भट्टीतून गडद निळे निघाले. माप चुकले का? चाचणीचे कप चहासाठी विकता येतील का?
– एक विद्यार्थिनी, मुंबई

उत्तर : माप चुकलेले नाही, घाबरू नका. कोबाल्ट कार्बोनेटची भुकटीच जांभळट असते; काचेत विरघळले की कोबाल्ट निळाच रंग देतो. कच्च्या ग्लेझवरून पक्का रंग ठरवू नये.

निळा फिका हवा असेल तर ०.२५, ०.५ आणि १ टक्का अशा तीन चाचण्या घ्या. कपांच्याच मातीच्या बिस्क पट्ट्या उभ्या भाजा, म्हणजे ग्लेझ किती ओघळते तेही कळेल. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग दोनदा बुडवा; जाडीनेही रंग बदलतो. मागे आयर्न ऑक्साइडने क्रमांक लिहा, तो भट्टीत टिकतो. घाईत भट्टी उघडू नका. तापमान १०० अंशांखाली येऊ द्या. भुकटी मोजताना धुळीचा मास्क हवाच.

चाचणीचे कप प्रदर्शनात जरूर मांडा, शेजारी पट्ट्याही ठेवा; प्रेक्षकांना त्यात रस वाटतो. विक्री मात्र ‘फक्त शोभेसाठी’ अशी चिठ्ठी लावूनच करा. लिंबाची फोड रात्रभर ठेवून डाग पडला तर ग्लेझ खाण्यापिण्यासाठी बाद. डाग न पडणे म्हणजे मात्र सुरक्षिततेची हमी नव्हे. त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणीच लागते.