सोंगणीनंतर दुखणारं कोपर

दसरा-दिवाळीच्या सुमारास रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरकडे सोयाबीनची सोंगणी उरकते आणि कोपराची दुखणी डोकं वर काढतात. दिवसभर विळ्याची मूठ आवळून मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंची कंडरा कोपराच्या बाहेरच्या बाजूला झिजते. मग चहाचा कप उचलतानाही कळ येते. नस चढली म्हणून घरोघर मालिश होते, ते वेगळंच.

याचं नाव टेनिस एल्बो. रुग्णांनी मात्र बहुधा टेनिसची रॅकेट पाहिलेलीही नसते. सचिन तेंडुलकरला २००४ मध्ये याच दुखण्याने संघाबाहेर बसवलं. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि २५ ऑक्टोबरला नागपुरात श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढत तो परतला. मध्ये पाच महिने गेले! कंडरेला रक्तपुरवठा बेताचाच, त्यामुळे ती सावकाश भरते. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही, पण महिने लागतातच.

घाई असते ती इंजेक्शनची. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात स्टेरॉइड घेतलेल्यांना सहा आठवड्यांत छान आराम पडला, पण पुढे दुखणं उलटलं आणि वर्षाअखेर तेच मागे राहिले. हात गळ्यात बांधून ठेवणंही चूक, कारण ताण मिळाल्याशिवाय कंडरा बळकट होत नाही. तो ताण बेताने द्यावा. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली धरून दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यावं आणि आधार सोडून अगदी हळू खाली आणावं. पंधरा वेळा, थोडं थांबून पुन्हा. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर बाटलीतलं पाणी कमी करावं. आठवड्याभरात गुण येईल या आशेवर मात्र राहू नये.

विळ्याने बोट कापलं तर गोष्ट निराळी. तिथे थांबून चालत नाही. जखमेत हळद किंवा तंबाखू न भरता स्वच्छ कापड दाबून धरावं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. टाके पडण्याआधी डॉक्टरांना बोटाचं प्रत्येक पेर वाकवून आणि सरळ करून दाखवावं. एखादं पेर हलत नसेल तर आत कंडरा तुटलेली असू शकते. नुसती कातडी शिवून ती जुळत नाही. अशा वेळी हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे चिठ्ठी मागून घ्यावी आणि पुढचे किमान तीन महिने विळा दुसऱ्याच्या हाती द्यावा.