जमिनीचा सौदा आणि विकणाऱ्याचा शब्द

आम्ही धावड्यात कापड विकणारे. थानात ऐब असला तर गिऱ्हाइकाला आधी दाखवायचा, ही लहानपणापासूनची शिकवण. जमिनीच्या सौद्यातही तसेच असेल असे समजून एकदा आम्ही फसलो. दुकानासाठी जागा घ्यायचे ठरले. विकणारा म्हणाला, "बोजा काही नाही." आम्ही साध्या कागदावर पावती घेऊन इसार दिला. मागाहून सातबारा पाहिला, तर इतर हक्कात कर्जाचा बोजा चढलेला. भोकरदनला वकिलांकडे गेलो, तर त्यांनी आम्हालाच विचारले, "इसाराच्या आधी उतारा का नाही काढला?"

हा सवाल कायद्यातलाच आहे. करार कायदा १८७२, कलम १८ प्रमाणे खोटी गोष्ट खरी समजून सांगितली तरी ते चुकीचे निवेदन ठरते. फसवण्यासाठी मुद्दाम सांगितली तर कलम १७ ची लबाडी. दोन्हीत घेणाऱ्याला करार रद्द करून मागता येतो. पण कलम १९ मध्ये एक पेच आहे. चुकीचे निवेदन असो की विकणाऱ्याचे लबाडीचे मौन, साधी खबरदारी घेऊन खरे कळण्यासारखे असेल तर करार रद्द होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५ विकणाऱ्याला ऐब सांगायला लावते, तेही घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने न दिसणारेच. सातबारा तर कोणालाही मिळतो! म्हणून उतारा काढा, फेरफार वाचा आणि "बोजा नाही" हे शब्द साठेखतातच लिहून घ्या. गावठाणातल्या जागेला ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा दाखला नव्हे.

आपल्या मराठवाड्यात आणखी एक धोका आहे. मशीद-दर्ग्याच्या खिदमतीसाठी दिलेल्या इनाम जमिनी निजामाच्या काळापासून आहेत. कागदावर खिदमत करणाऱ्या घराण्याचे नाव दिसते आणि घेणारा निश्चिंत होतो. १९९८ साली सय्यद अली विरुद्ध आंध्र प्रदेश वक्फ बोर्ड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, इनाम कायद्याखाली पट्टा मिळाला तरी आधीचे वक्फ संपत नाही. २०१३ च्या दुरुस्तीनंतर वक्फ मालमत्तेची विक्री मुळातच रद्दबातल आहे. घेणाऱ्याच्या हाती विकणाऱ्याकडून पैसे परत मागणे एवढेच उरते. विकणारे आपलेच, घेणारेही आपलेच, हे लिहिताना शरम वाटते.

आता करार मोडण्याविषयी. विकणारा उलटला तर दाव्यात खरेदीखत मागा आणि पर्याय म्हणून इसाराची परतफेडही मागा. न मागितलेली परतफेड न्यायालय देत नाही. बाकी रक्कम देण्याची आपली तयारी कायम होती हे सिद्ध करावे लागते, म्हणून बँकेचे कागद जपून ठेवा. मुदत ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षे. तारीख ठरली नसेल तर नकार कळल्यापासून. घेणारा उलटला तरी विकणाऱ्याला सगळी रक्कम गिळता येत नाही. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास खटल्यात १,००० रुपये इसार होता आणि मागाहून २४,००० दिलेले होते. हे २४,००० सरसकट जप्त करू देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली नकार दिला.

आमचे काय झाले? वकिलांमार्फत नोटीस दिली. इसार आठ महिन्यांनी, तीन तुकड्यांत परत आला. जागा मात्र दुसऱ्याने घेतली, बोजा उतरवून.